सॅमनची शिदोरी : मॉन्टरे बे ते शास्ता धरण, चार दिवस

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत लेकीने शाळेतून एक व्हिडिओ पाठवला होता. वर्गातल्या काचेच्या टाकीत सॅमनची पिल्लं होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. बहुतेक सरळ पोहत होती, पण दोन-तीन कुशीवर पडून मळसूत्रासारखी गोल गोल फिरत होती. खाली लेकीने लिहिलं होतं, "आई, यांना बेरीबेरी झालाय."

कॅलिफोर्नियातल्या काही हायस्कूलांमध्ये यूसी डेव्हिस विद्यापीठ हा उपक्रम चालवतं. हॅचरीतली, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रातली, अंडी वर्गात येतात, मुलं रोज नोंदी ठेवतात, कोणतं पिल्लू कधी फिरायला लागलं ते लिहून विद्यापीठाला कळवतात. बेरीबेरी म्हणजे ब-१ जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा आजार. लेकीच्या वर्गातल्या फिरणाऱ्या पिल्लांना सरांनी ब-१ जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ती सरळ पोहू लागली. त्या दिवशी लेक घरी आली ती नाचतच. तेव्हापासून तिचं एकच होतं, ही पिल्लं जिथून येतात आणि त्यांच्या आया जिथून येतात, ते सगळं बघायचं. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात तो योग आला. सोमवारी सुट्टी होती, शुक्रवारी आम्ही रजा टाकल्या. रेवदंड्याहून माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. मासळीचा विषय म्हटल्यावर ती घरी थांबणं शक्यच नव्हतं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर : मॉस लँडिंग

फ्रीमॉन्टहून पहाटे निघालो आणि आठच्या आत मॉस लँडिंगच्या बंदरात पोचलो. धुकं इतकं दाट की धक्क्यावरचे सी लायन आधी ऐकू आले, मग दिसले. बोटीवर वीसेक माणसं. आईने स्वेटर, त्यावर जावयाचं जाकीट, त्यावर शाल असा जामानिमा केला आणि सगळ्यांना आलेपाकाची वडी वाटली. शेजारच्या एका मेक्सिकन आजींनी दुसरी मागून घेतली. बोट लागणाऱ्यांनी असं काहीतरी जवळ ठेवाच.

मॉस लँडिंगची गंमत अशी की बंदराच्या तोंडाशीच समुद्राखालची मॉन्टरेची प्रचंड दरी सुरू होते. किनाऱ्यापासून थोडंसं आत गेलं की तळ खोल खोल जातो. वारा किनाऱ्यावरचं पाणी समुद्राकडे ढकलतो, त्याच्या जागी खालचं गार, खतवलेलं पाणी वर येतं आणि त्यावर वनस्पतिप्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं, पीक येतं. उरलेलं सगळं त्या पिकावर जगतं. अर्ध्या तासात धुकं विरलं आणि समोर पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं. हजारो चिमुकले चंदेरी मासे पृष्ठभागावर उसळत होते. क्षणभरात त्यांच्या खालून तीन हंपबॅक देवमासे जबडे उघडून सरळ वर आले. त्यांच्या श्वासाचा वास मासळी बाजारासारखा येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. आईला तो वास ओळखीचा वाटला, बाकीच्यांनी नाकं झाकली.

सीगलच्या चोचीतून एक मासा डेकवर पडला. खलाशाने तो उचलून आईच्या तळहातावर ठेवला. तिने उलटून पालटून बघितला, तोंड उघडून बघितलं. डोळ्यांच्याही मागे जाणारा जबडा, पुढे आलेलं नाकाड.

"अगो, ही तर मांदेलीची भावंडं!"

ते खरंच आहे. ही अँकोव्ही, आणि आपली मांदेली त्याच कुळातली. आईला परक्या देशात नातेवाईक भेटल्याचा आनंद झाला. खलाशाने मात्र जे सांगितलं त्याने ती गप्प झाली. या किनाऱ्यावर सॅमन एरवी नाना गोष्टी खातो : क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव, रॉकफिशची पिल्लं, हेरिंग, सार्डिन, माकूल. पण सार्डिन इतकी घटली की २०१५ पासून तिची मोठी मासेमारी बंद आहे, आणि त्यानंतर अँकोव्ही मात्र उदंड वाढली. संशोधकांनी सॅमनची पोटं उघडून पाहिली तर आत जवळपास नुसती अँकोव्ही.

"मग? मांदेली खाऊन कुणाचं वाईट झालंय?" आईने विचारलं. उत्तर लेकीने दिलं. अँकोव्हीच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते ब-१ जीवनसत्त्व, म्हणजेच थायमिन, तोडून टाकतं. सॅमन मासा कच्चाच गिळतो, त्यामुळे एन्झाइम त्याच्या पोटात जाऊन काम करत राहतं. माणूस मांदेली तव्यावर टाकतो आणि उष्णतेने ते निकामी होतं. हे पहिल्यांदा कळलं ते समुद्रापासून फार लांब, मिनेसोटातल्या एका कोल्ह्यांच्या फार्मवर. १९३२ साली तिथल्या कोल्ह्यांना कच्चा कार्प मासा खायला घातला आणि त्यांचे पाय लुळे पडले, कोल्हे मेले. फार्मच्या मालकाच्या नावावरून त्या आजाराला चास्टेक पॅरॅलिसिस म्हणतात.

आईने तो मासा परत पाण्यात सोडला. मेलेला होता, तरी सोडला.

दुपारी कॅस्ट्रोव्हिलला तळलेले आर्टिचोक खाल्ले. पिठात बुडवून तळलेली भजीच ती, आईने दोनदा मागवली. तिथून परत फिरून एल्कहॉर्न स्लू या खाडीत छोट्या सपाट बोटीने गेलो. मला विचाराल तर सगळ्या सहलीतला सर्वांत मोलाचा तास हा. समुद्री ऊदमांजरं पाठीवर निवांत पडली होती, एक आई पिल्लाला पोटावर घेऊन शिंपला फोडत होती. पण आम्ही खिळलो ते मार्गदर्शक बाईंच्या बरणीवर. बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढून त्यांनी चमचाभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि चित्र छोट्या पडद्यावर दाखवलं.

डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या सोनेरी-तपकिरी साखळ्या, काचेचे मणी ओवावेत तशा. मध्येच झटका देऊन पळणारे कोपेपॉड नावाचे चिमुकले प्राणी : एकच लाल डोळा, शरीराएवढ्या लांब मिशा. बाई म्हणाल्या, आपल्याला दिसतंय त्याच्या कितीतरी पट जास्त या थेंबात न दिसणारं आहे, आणि खरी गोष्ट त्या न दिसणाऱ्यांची आहे.

ब-१ ना सॅमनला बनवता येतं, ना देवमाशाला, ना आपल्याला. कोपेपॉडलाही येत नाही. समुद्रात ते बनवतात काही जीवाणू आणि काही शेवाळं. सगळी नाही. तपासलेल्या शेवाळांपैकी साधारण पाचव्या हिश्शाला ब-१ बाहेरून घ्यावं लागतं. ब-१२ तर निम्म्याहून जास्त शेवाळांना लागतं आणि ते फक्त जीवाणू आणि आर्किया नावाचे जीवाणूंसारखे सूक्ष्मजीव बनवू शकतात. समुद्रात संख्येने सर्वांत जास्त असलेला जीवाणूंचा एक गट तर असा आहे की त्याला ब-१ चा एक तुकडा दुसऱ्या कुणीतरी तयार करून द्यावा लागतो, मग तो उरलेलं जोडून घेतो. पेशी गळते, विषाणूने फुटते किंवा मरते तेव्हा तिच्यातलं जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि शेजारचा उचलतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात ते ग्रॅमच्या काही अब्जांश भागांएवढंच सापडतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत मोजणी झाली तेव्हा मोठमोठे पट्टे असे निघाले की तिथे काही ब जीवनसत्त्वं मोजण्याइतकीही नव्हती.

मी हे आईला मराठीत सांगत होते. तिने मान हलवली. "म्हणजे विरजण. आळीत एकीकडे असलं की सगळ्यांकडे दही. एकीचं आंबलं की सगळ्या आळीचं गेलं."

बाईंना मी विरजण समजावून सांगितलं. त्यांनी वहीत तो शब्द रोमन लिपीत लिहून घेतला.

एवढ्या कष्टाने तयार झालेलं हे विरजण पुढे डायटममधून कोपेपॉडात, कोपेपॉडातून आणि क्रिलमधून छोट्या माशांत, तिथून सॅमनमध्ये आणि शेवटी सॅमनच्या अंड्यात जातं. प्रत्येक जण आपल्यापुरतं वापरतो आणि उरलेलं पुढच्याच्या पोटात जातं. दरवेळी हात बदलताना काहीतरी सांडतंच. अँकोव्हीच्या पायरीवर ते नुसतं सांडत नाही. तिच्या अंगात ब-१ असतं, पण ते तोडणारी कात्रीही तिच्याच अंगात असते.

जाणाऱ्यांसाठी : हंपबॅक साधारण एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत दिसतात. खाडीची सफर भरतीच्या वेळची घ्या, ओहोटीत बरीचशी खाडी चिखल होते. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना मोठ्या समुद्रापेक्षा खाडी जास्त आवडेल. ऑक्टोबरातसुद्धा सकाळी कानटोपी हवी.

शनिवार, १२ ऑक्टोबर : भातशेती, दसरा, ओरोव्हिल

दसऱ्याचा दिवस. मुक्कामाच्या खोलीत गाडीच्या किल्ल्या, लेकीची वही आणि भिंग एका रुमालावर मांडून त्यांची पूजा केली. फुलं हॉटेलच्या अंगणातल्या झेंडूची, मालकिणीला विचारून घेतलेली. मग साडेचार तासांचा रस्ता.

सॅक्रामेंटोच्या अलीकडे हायवे एका लांबलचक पुलावरून जातो. खाली कोरडं, सपाट मैदान. हा योलो बायपास. पावसाळ्यात नदी फुगली की तिचं पाणी मुद्दाम इथे सोडतात आणि शहर वाचतं. पूर्वी दर हिवाळ्यात हे सगळं खोरंच पाण्याखाली जायचं. मग बांध घातले, नदी कालव्यासारखी सरळ झाली आणि सॅमनच्या पिल्लांचं कुरण गेलं. यूसी डेव्हिसच्या संशोधकांनी साधारण २०१२ पासून इथल्या भातखाचरांत एक प्रयोग चालवला. कापणी झाल्यावर हिवाळ्यात खाचरांत पाणी भरायचं. बुडालेला पेंढा कुजतो, त्यावर जीवाणू वाढतात, त्यांच्यावर डॅफ्निया आणि इतर प्राणिप्लवक पोसतात, आणि मग सॅमनची पिल्लं आत सोडायची. नदीतल्या पाण्याच्या कित्येक पट खाणं या खाचरांत मिळतं आणि पिल्लं भराभर वाढतात. या प्रयोगाला निगिरी या जपानी पदार्थाचं नाव दिलंय. खाली भात, वर मासा, म्हणून.

उत्तरेला दोन्ही बाजूंना पिवळंधमक भात लागलं. कापणी ऐन जोरात होती, यंत्रं धुळीचे लोट उडवत चालली होती. आईने गाडी थांबवायलाच लावली. एका शेतकऱ्याने कठड्याशी येऊन तिला दोन लोंब्या दिल्या. तिने दाणा नखाने सोलला, आधी तूस, मग आतला तांबूस कोंडा.

"हा कोंडा घालवला की भात पांढरा होतो, आणि माणूस पोकळ," ती म्हणाली. तिच्या लहानपणी घरी उखळ-मुसळ होतं, हातसडीचा तांदूळ होता. तिच्या आजीला यामागचं रसायन कळत नव्हतं, पण गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ बाळंतिणीला द्यायचा नाही एवढं पक्कं ठाऊक होतं.

लेकीने तिला बटाव्हियाच्या कोंबड्यांची गोष्ट सांगितली. आताच्या जकार्तात १८९० च्या दशकात क्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरने पाहिलं की कोंडा काढलेल्या पांढऱ्या भातावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या उभ्या राहतात. त्याच शहरात १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून ब-१ वेगळं काढलं. १९३६ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवणारे रॉबर्ट विल्यम्स जन्मले होते आपल्या नेल्लोरला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. नेल्लोर भाताचंच गाव. आईला हे इतकं आवडलं की पुढच्या वीस मैलांत तिने ते जावयाला दोनदा सांगितलं.

युबा सिटीला जेवलो. शंभर वर्षांहून अधिक काळ इथे पंजाबी शेतकरी आहेत. ढाब्यावर छोले, तंदुरी रोटी आणि घट्ट ताक. गल्ल्यावरच्या बाईंनी दसरा म्हणून आईच्या ताटात जिलबी ठेवली, पैसे घेतले नाहीत. आईने पर्समधून एक आपट्याचं पान काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मुंबईहून वहीत दाबून आणलेलं ते एकच पान होतं.

ओरोव्हिलला फेदर नदीवरची हॅचरी दुपारी गाठली. फेदर नदीचं धरण अमेरिकेतलं सर्वांत उंच. ते बांधल्यावर माशांचा वरचा रस्ता बंद झाला, म्हणून त्याच काळात ही हॅचरी उभी राहिली. इथे माशांच्या पायऱ्यांच्या कडेला जमिनीखाली काचेच्या खिडक्या आहेत. समोर हाताच्या अंतरावर चिनूक जातीचे सॅमन, काही तर लेकीच्या हाताएवढे लांब. अंगावर पांढरे चट्टे, शेपट्या झिजलेल्या, नराचा जबडा आकड्यासारखा वळलेला. समुद्रातले चंदेरी मासे ते हेच, असं वाटत नाही. समुद्रातून नदीत शिरले की ते काही खात नाहीत. पुढचा सगळा प्रवास आणि पोटातली हजारो अंडी, सगळं आधी खाल्लेल्या अन्नावर.

मी त्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिले. मादीला आता वाटेत काही भर घालता येणार नाही. जी शिदोरी बांधायची ती तिकडे मॉन्टरेच्या पाण्यात बांधून झालेली असते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते पोटाशी नारिंगी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन, आणि काही आठवडे गोट्यांच्या फटीत तेवढ्यावरच जगतं. बलक दिसायला भरलेला असतो. त्यात ब-१ आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

जाणाऱ्यांसाठी : प्रवेशाला पैसे नाहीत. खिडक्यांशी सकाळी गर्दी कमी असते. आत अंधार असतो, फ्लॅश वापरू नका, मासे बुजतात. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला.

रविवार, १३ ऑक्टोबर : कोलमन हॅचरी

चिकोवरून उत्तरेला जाताना डोंगर काळे दिसत होते. जुलैतल्या पार्क फायरच्या खुणा. कॅलिफोर्नियाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या वणव्यांपैकी ती एक. गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

अँडरसनजवळ बॅटल क्रीकच्या काठी कोलमन नॅशनल फिश हॅचरी आहे. शास्ता धरणामुळे माशांची वरची घरं गेली, त्याची भरपाई म्हणून १९४२ मध्ये सुरू झाली. एरवी वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास चिनूक पिल्लं इथून सोडतात. रविवार असल्याने काम बंद होतं, पण ओढ्यात मासे होते, उड्या मारत होते. कमी होते. सोबत उभे असलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले, पूर्वी इथे पाणी दिसायचं नाही, पाठीच दिसायच्या.

हे गृहस्थ फोर्ट ब्रॅगचे, चाळीस वर्षं सॅमनची बोट चालवलेले. नातवाला घेऊन आले होते. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं कॅलिफोर्नियात सॅमनच्या मासेमारीला बंदी. बोट अजून आहे, पण धक्क्याला बांधलेली. दुष्काळ, तापलेल्या नद्या, धरणं, सगळ्याचं मिळून हे झालं, जीवनसत्त्वाची कमतरता हा त्यातला एक धागा, असं ते स्वतःच म्हणाले. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे मासे कसे आहेत? मी दुभाषी झाले. आई म्हणाली, पूर्वी माझे वडील पाटीभर मांदेली फुकट वाटायचे, आता वाटा दोनशेला मिळतो. दोघांनी एकाच वेळी मान हलवली. पुढचा पाऊण तास ती दोघं बाकावर बसून जाळी, वारा आणि भरती यांवर बोलत होती, मी आणि लेक आळीपाळीने भाषांतर करत होतो. शेवटी आईने चकल्यांचा डबा काढला. ते म्हणाले, बोटीवर न्यायला उत्तम, सादळत नाहीत ना?

कोलमनला आम्ही आलो ते एका खास कारणासाठी. २०२० च्या जानेवारीत इथल्या कर्मचाऱ्यांना पिल्लं आडवी पडताना, फिरताना, मरताना दिसली. खोऱ्यातल्या इतर हॅचऱ्यांतही तेच. माशांच्या आजारांची प्रयोगशाळा याच आवारात आहे. तिथे विषाणू शोधले, जीवाणू शोधले, परजीवी शोधले. काही सापडेना. मग ग्रेट लेक्समधला जुना अनुभव कामी आला. तिथे लेक ट्राउट एलवाइफ नावाचा थायमिनेजवाला मासा खाऊ लागले आणि त्यांची पिल्लं अशीच मरू लागली होती. बाल्टिक समुद्राकाठी स्वीडनमध्ये तर १९७४ पासून हॅचऱ्यांत सॅमनची पिल्लं मरत होती, आणि कारण कळायला वीस वर्षं गेली होती. तेव्हा कोलमनला आजारी पिल्लं ब-१ च्या द्रावणात ठेवली. काही तासांत ती उठून पोहायला लागली.

स्वयंसेवक बाई हे सांगताना लेकीकडे बघत होत्या, कारण लेक पुढची वाक्यं आधीच बोलत होती. वर्गातली टाकी, मळसूत्रासारखी फिरणारी पिल्लं, सर, दुसऱ्या दिवसाची सकाळ. बाईंनी तिला विचारलं, तुझ्या नोंदींची वही आहे? होती. गाडीतच होती, कालच तिची पूजा झालेली. बाईंनी ती पानं एकेक करून वाचली आणि म्हणाल्या, तुमच्यासारख्यांच्या वह्यांवरून कळतं की कोणत्या मादीची पिल्लं कितव्या दिवशी पडतात. आता हॅचरीत अंडी ब-१ च्या पाण्यात भिजवतात, काही माद्यांना आधीच इंजेक्शन देतात.

"आणि नदीत जी अंडी घालतात, त्यांना?" आईने विचारलं.

नदीतल्या गोट्यांत कुणी द्रावण ओतू शकत नाही. ओरेगॉनमधल्या विद्यापीठाचे संशोधक सॅक्रामेंटोच्या खोऱ्यातलं पाणी आणि अंडी घालण्याची रेती तपासतात, तिथले सूक्ष्मजीव ब-१ किती बनवतात ते बघतात. तळाच्या रेतीतून पिल्लाला थोडं तरी मिळत असेल का, हा प्रश्न. आणि शिदोरी संपेपर्यंत तग धरलेलं पिल्लू एकदा तोंडाने खायला लागलं, की नदीतल्या प्लवकांत, भातखाचरातल्या डॅफ्नियात ब-१ असतंच.

जाणाऱ्यांसाठी : माशांची कामं कामाच्या दिवशीच होतात, शक्य असेल तर रविवार टाळा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारच्या सुमारास इथे सॅमन परतल्याचा उत्सव असतो, तारीख आधी बघून घ्या. आसपास खाण्याची सोय नाही, डबा न्या. दुपारचं ऊन ऑक्टोबरातही भाजतं.

सोमवार, १४ ऑक्टोबर : शास्ता धरण, रेडिंग

शास्ता धरण ६०२ फूट उंच. १९४५ मध्ये पूर्ण झालं, माशांना वर जायला वाट ठेवलेली नाही. वरून खाली बघितलं तर पायथ्याशी एक छोटी हॅचरी दिसते, हिवाळी चिनूकसाठी १९९७ मध्ये बांधलेली. हे सॅमन हिवाळ्यात नदीत येतात आणि ऐन उन्हाळ्यात अंडी घालतात. पूर्वी मॅक्लाउडसारख्या झऱ्यांच्या गार नद्यांत जायचे. आता धरणाखाली सोडलेल्या गार पाण्यावर अवलंबून आहेत आणि १९९४ पासून त्यांची नोंद अतिसंकटात असलेल्यांत आहे.

धरणाच्या तलावाखाली विनेमेम विंतू या आदिवासी लोकांची गावं, दफनभूमी, पूजेच्या जागा बुडाल्या. सॅमन हा त्यांचा नातलग, असं ते मानतात. याच मॅक्लाउड नदीवर १८७२ मध्ये हॅचरी सुरू झाली होती आणि इथली अंडी जगभर गेली. न्यूझीलंडच्या नद्यांत कॅलिफोर्नियाच्या त्या सॅमनचे वंशज आजही आहेत. विनेमेम विंतूंच्या प्रमुख कॅलीन सिस्क आणि त्यांचे लोक २०१० मध्ये त्या माशांना भेटायला न्यूझीलंडला गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात हिवाळी चिनूकची सुमारे चाळीस हजार अंडी मॅक्लाउडच्या काठी उबवली, ऐंशीहून अधिक वर्षांनी पहिल्यांदा. धरणाच्या कठड्यावर आई हात जोडून उभी राहिली. कोयनेच्या पाण्याखाली तिच्या मावशीचं सासर गेलं होतं.

परतीच्या आधी रेडिंगचा सनडायल ब्रिज. पायी चालायचा, काचेच्या फरशीचा, २००४ साली झालेला पूल, सान्तियागो कालात्राव्हा यांनी आखलेला. सॅमनच्या विणीच्या जागेला धक्का लागू नये म्हणून नदीत एकही खांब नाही. दुपारचे तीन, खाली पाणी हिरवट आणि निवळ. पुलाच्या मध्यावर गेलो तेव्हा लेकीने बोट दाखवलं. तळाशी गोट्यांचा एक फिकट, नुकताच घासल्यासारखा गोल, आणि त्यावर एक मोठी काळपट मादी. मध्येच ती कुशीवर वळायची, शेपटी आपटायची, गोटे उडायचे, पुन्हा सरळ व्हायची. तिच्या शेपटीची कड पांढरी पडली होती. मागे एक नर थांबला होता.

आई कठड्याला टेकून बघत राहिली. नवरा दोनदा घड्याळ बघून गेला, रस्ता साडेतीन तासांचा होता. कुणीच हललं नाही.

"हिने काय खाल्लं असेल गो?" आईने विचारलं.

लेक म्हणाली, "आजी, ते जानेवारीत कळेल."